कुणाला मोजायचे?

१९७९ साली अमेरिकेतील ह्यूस्टन शहराच्या ईशान्य भागात, नॉर्थवूड मॅनर या वसाहतीला लागून, एका खासगी कंपनीने कचरा डेपो काढायचे ठरवले. वसाहत मध्यमवर्गीयांची होती. बहुतेक घरे राहणाऱ्यांच्या स्वतःच्या मालकीची होती आणि राहणारे बहुतेक लोक कृष्णवर्णीय होते. रहिवाशांनी कोर्टात जायचे ठरवले. त्यांचे वकीलपत्र लिंडा मॅककीव्हर बुलार्ड यांनी घेतले. डेपोसाठी आपलीच वस्ती निवडली जाते ही रहिवाशांची तक्रार होती, पण कोर्टात तक्रारीला पुरावा लागतो आणि तो कुठल्याही सरकारी कचेरीत तयार नव्हता. लिंडा यांचे पती रॉबर्ट बुलार्ड तेव्हा टेक्सास सदर्न विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत होते. हे विद्यापीठ १९४७ साली खास कृष्णवर्णीयांसाठी काढलेले, कारण राज्याच्या मुख्य विद्यापीठाची दारे त्यांना बंद होती. बुलार्ड यांनी पुरावा गोळा करण्याचे काम संशोधनपद्धतीच्या तासाला बसणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांवर सोपवले. वर्गात दहाएक मुले होती. ह्यूस्टनमध्ये जमीनवापराचे नियमन करणारी झोनिंगची पद्धतच नाही, त्यामुळे शहरात कुठे काय टाकले जाते याचा एकत्र नकाशा कुणाकडेच नव्हता. मुलांनी महापालिकेची जुनी दप्तरे उपसली, जनगणनेचे तक्ते काढले आणि गाडीने शहर पालथे घातले. ह्यूस्टन सपाट शहर आहे. तिथे कुठे टेकाड दिसले की त्याच्या पोटात कचरा असण्याची शक्यता मोठी, हेही त्यांना फिरता फिरता कळले. १९२० च्या दशकापासून १९७८ पर्यंतचा हिशेब लागला तेव्हा महापालिकेचे पाचच्या पाच कचरा डेपो कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत निघाले. कचरा जाळण्याच्या आठ भट्ट्यांपैकी सहा आणि खासगी चारपैकी तीन डेपोही तिथेच होते. शहराच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण होते सुमारे २५ टक्के.

पर्यावरणीय न्याय या विचाराचा इतिहास सांगताना बहुतेकदा मोर्चे, सत्याग्रह आणि नेते आठवतात, आणि ते रास्तही आहे. पण त्या इतिहासाला दुसरी बाजू आहे आणि ती वर्गात, ग्रंथालयात, प्रबंधाच्या टिपणवह्यांत घडलेली आहे. निसर्गाच्या ऱ्हासाचा हिशेब शहराचा, राज्याचा, देशाचा असा घाऊक मांडला की अन्याय त्यात विरघळून जातो. तोच हिशेब वस्तीचा, कुटुंबाचा, माणशी मांडला की तो वर येतो. अन्याय डोळ्यांना दिसण्याआधी त्याचे मोजमाप कोणत्या एककात करायचे हे ठरावे लागते, आणि गेल्या पन्नासेक वर्षांत ते एकक बदलण्याचे काम वारंवार विद्यार्थ्यांनी आणि नवख्या संशोधकांनी केले आहे. तरुण माणूस जात्याच सत्यप्रिय असतो असे काही त्याचे कारण नाही. ज्याला कंत्राट सांभाळायचे नाही आणि बढती मिळवायची नाही, ज्याच्यापाशी वेळ आहे पण पैसा नाही, आणि ज्याला आपली पद्धत शेवटी परीक्षकांपुढे समजावून द्यायची आहे, असा माणूस संशोधनाच्या व्यवस्थेत एकच असतो. तो म्हणजे विद्यार्थी. हवामान बदलाच्या प्रश्नावर काम करणाऱ्या आजच्या संशोधक विद्यार्थ्यांकडे पाहून ‘ही पोरे चळवळ करतात की अभ्यास?’ असे विचारले जाते. त्या प्रश्नाचे उत्तर या इतिहासातच शोधावे लागेल.

ह्यूस्टनच्या विद्यार्थ्यांचा पुरावा कोर्टात हरला, हे आधीच सांगून टाकले पाहिजे. न्यायाधीश होत्या गॅब्रिएल मॅकडोनल्ड, टेक्सासमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय संघीय न्यायाधीश. डेपोसाठी ही जागा निवडणे दुर्दैवी आणि असंवेदनशील आहे असे त्यांनी मान्य केले, पण ती वंशभेदाच्या हेतूने निवडली हे सिद्ध झाले नाही म्हणून मनाई हुकूम नाकारला. पुढे १९८५ मध्ये मूळ दावाही फेटाळला गेला. या निकालातला आकड्यांचा भाग वाचण्यासारखा आहे. राज्याच्या आरोग्य खात्याने दिलेले परवाने जनगणना विभागवार लावून पाहिले तर निम्म्याहून अधिक जागा अल्पसंख्याकांचे प्रमाण कमी असलेल्या विभागांत पडत होत्या. आकडे खोटे नव्हते, पण एकक वेगळे होते. जनगणनेचा एक विभाग बराच मोठा असतो. त्याच्या एका टोकाला गोऱ्यांची वसाहत असते, दुसऱ्या टोकाला कृष्णवर्णीयांची, आणि डेपो नेमका दुसऱ्या टोकाला. सरासरी काढली की डेपो गोऱ्यांच्या दारात येऊन बसतो. विद्यार्थ्यांनी वस्ती हे एकक घेतले होते, कोर्टापुढे विभाग हे एकक आले, आणि निकाल या दोहोंमधल्या फटीत अडकला.

तरी त्या मोजणीचे पुढे काय झाले ते पाहावे. बुलार्ड यांनी १९८३ साली ती समाजशास्त्राच्या एका नियतकालिकात छापली. १९८७ मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टच्या वांशिक न्याय आयोगाने तशीच मोजणी साऱ्या देशासाठी केली. घातक कचऱ्याच्या जागा कुठे निघतील याचा अंदाज देण्यात उत्पन्नापेक्षाही वंश हा घटक अधिक प्रभावी ठरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९९० मध्ये बुलार्ड यांचे ‘डंपिंग इन डिक्सी’ आले. ११ फेब्रुवारी १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी प्रत्येक संघीय खात्याने आपल्या निर्णयांचा गरीब आणि अल्पसंख्याक वस्त्यांवर होणारा परिणाम तपासावा असा आदेश काढला. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने तो रद्द केला. आदेश एका सहीने रद्द करता येतो. छापलेली, पद्धतीसकट मांडलेली आकडेवारी तशी रद्द होत नाही, कारण ती चूक ठरवायची तर पुन्हा मोजावे लागते. त्या दहाएक विद्यार्थ्यांची नावे मात्र या कथेत सहसा कुणी घेत नाही.

आपल्याकडे हीच गोष्ट धरणांच्या निमित्ताने घडली आणि तिची सुरुवात उशिराने झाली. कोयना धरणाने विस्थापित झालेल्यांची पाहणी इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केली. ती १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली. मराठी समाजशास्त्राच्या दृष्टीने हे काम मोलाचे आहे. धरणग्रस्त माणूस उठल्यावर कुठे जातो, त्याची नाती, शेत, देव यांचे काय होते, हे विद्यापीठीय शिस्तीने विचारले गेले. पण तोवर धरण बांधून झाले होते आणि गावे पाण्याखाली गेली होती. झालेल्या हानीची नोंद करणे आणि होऊ घातलेल्या हानीचा हिशेब मागणे यांत फार अंतर आहे. ते अंतर पुढच्या पिढीने ओलांडले.

१९८३ च्या उन्हाळ्यानंतर दिल्लीतल्या काही विद्यार्थ्यांनी नर्मदेच्या खोऱ्यात जायचे ठरवले. ‘कल्पवृक्ष’ हा गट १९७९ साली दिल्लीच्या रिजवरचे जंगल वाचवण्याच्या धडपडीतून निघालेला, आणि त्याच्या जोडीला हिंदू कॉलेजचा नेचर क्लब होता. नर्मदेवर शेकडो लहानमोठी धरणे होणार होती, पण साऱ्या खोऱ्याचा एकत्रित विचार कुणी केलेला नव्हता. धरण हे एकक होते, खोरे नव्हते. मुले सुमारे पन्नास दिवस नदीकाठाने हिंडली, गावकऱ्यांशी, अभियंत्यांशी, अधिकाऱ्यांशी बोलली. त्यांचा अहवाल १९८४ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. त्याचे शीर्षकच विकास की विध्वंस असे विचारणारे होते. तो वाचताना आज जाणवते ते त्यातले धिटाईचे साधेपण. किती जंगल बुडेल, गाळ किती येईल, जमिनी कुठे आहेत, विस्थापितांसाठी जागा पाहून ठेवली आहे का, असे प्रश्न एकामागून एक विचारलेले, आणि बहुतेक ठिकाणी अभ्यासच झालेला नाही हे उत्तर. विद्यार्थ्यांचे म्हणणे अतिरंजित होते असा आक्षेप घेणाऱ्यांनी एवढेच आठवावे, की १९८७ साली केंद्र सरकारने सरदार सरोवराला पर्यावरणीय मंजुरी दिली ती हे अभ्यास पुढे पुरे करण्याच्या अटीवर. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ ऑक्टोबर २००० च्या निकालात बहुमताने धरणाला वाट मोकळी करून दिली खरी, पण न्यायमूर्ती भरूचा यांच्या भिन्नमताचा गाभा हाच होता की आवश्यक माहिती हाती नसताना मंजुरी दिली गेली.

महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या बुडिताची कहाणी याहून टोकदार आहे. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावे जाणार होती. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी भागातली, सातपुड्याच्या कुशीतली ही आदिवासी गावे. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये पीएच.डी.साठी काम करणाऱ्या मेधा पाटकर १९८५ च्या सुमारास या भागात पोचल्या. तो प्रबंध कधीच पुरा झाला नाही. धरणविरोधी चळवळीच्या इतिहासात हा तपशील त्यागाचा नमुना म्हणून सांगितला जातो. मला तो वेगळ्या कारणाने महत्त्वाचा वाटतो. त्या काळात या गावांत जाऊन जे काम चालले ते आधी अभ्यासाचेच होते. गावात घरे किती, कुटुंबे किती, कोण कुठली जमीन कसतो, सरकारी यादीत कोण आहे आणि कोण नाही, याच्या नोंदी केल्या जात होत्या. १९७९ च्या नर्मदा पाणीवाटप लवादाच्या निवाड्याने विस्थापिताला जमिनीच्या बदल्यात जमीन द्यायचे ठरवले होते आणि सज्ञान मुलाला वेगळे कुटुंब मानले होते. देशातल्या आधीच्या धरणांच्या मानाने ही तरतूद उदार होती. पण ती मिळणार कुणाला, तर ज्याचे नाव सात-बारावर आहे त्याला. सातपुड्यात पिढ्यान्पिढ्या जंगलातली जमीन कसणारे लोक महसुली कागदात अतिक्रमणदार होते. कित्येक गावांची महसुली मोजणी कधी धड झालेलीच नव्हती. लवादाच्या व्याख्येत खातेदार हे एकक होते आणि डोंगरातल्या जगण्यात नांगर धरणारे कुटुंब हे एकक होते. कालव्यात जमिनी जाणारे, धरणाच्या केवडिया वसाहतीसाठी १९६१ मध्येच जमिनी गमावलेले सहा गावांतले लोक हेही या व्याख्येबाहेर होते, कारण ते ‘बुडितात’ येत नव्हते. विस्थापितांचा आकडा कधी काही हजार कुटुंबे आणि कधी त्याच्या कितीतरी पट सांगितला जाई. त्यामागे कुणाची लबाडी असेल नसेल, मुख्य कारण मात्र हे एककांचे होते.

या मोजणीची ताकद १९९२ मध्ये दिसली. जागतिक बँकेने सरदार सरोवरासाठी १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. विरोध वाढल्यावर तिने ब्रॅडफर्ड मोर्स आणि टॉमस बर्जर यांची स्वतंत्र समिती नेमली. समितीने जून १९९२ च्या अहवालात सांगितले की पुनर्वसनाची मूलभूत पाहणीच झालेली नाही, पर्यावरणाचे अभ्यास अपुरे आहेत, आणि बँकेने एक पाऊल मागे घ्यावे. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेले कर्ज सोडून दिले. धरण थांबले नाही. ते १३८.६८ मीटरपर्यंत गेले आणि २०१९ मध्ये पहिल्यांदा काठोकाठ भरले. मग अभ्यासाने काय साधले, असा सवाल इथे कुणीही करील. दोन गोष्टी साधल्या. प्रकल्पग्रस्ताची व्याख्या हा देशाच्या धोरणातला वादाचा विषय बनला. आणि ज्यांना सरकारी कागद अतिक्रमणदार म्हणत होता त्यांचा जमिनीवरचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने तत्त्वतः मान्य केला. त्या कायद्याचे श्रेय एकट्या नर्मदेला देणे चूक होईल. झारखंडपासून गडचिरोलीपर्यंत अनेक ठिकाणच्या लढ्यांतून तो आला आहे. पण त्या सगळ्या ठिकाणी यादीबाहेरच्या माणसाची यादी आधी कुणीतरी केलेली होती.

आता हवामानाकडे वळू, कारण ‘क्लायमेट जस्टिस’ ही नवी फॅशन आहे आणि धरण-कचऱ्याच्या जुन्या भांडणांशी तिचा संबंध नाही असे काहींना वाटते. १९९० साली वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने देशनिहाय हरितगृह वायूंची यादी काढली. तीत भारत पहिल्या पाचांत होता. देश हे एकक, एका वर्षाचे उत्सर्जन हे माप, आणि भातखाचरांतून व गुरांच्या पोटातून निघणारा मिथेन अमेरिकेतल्या मोटारींच्या धुराशेजारी मांडलेला. अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये त्याला जे उत्तर दिले ते या विषयातला पाया मानले जाते. त्यांनी दोन प्रश्न विचारले. समुद्र आणि जंगले जो कार्बन शोषून घेतात त्यात कुणाचा वाटा किती? अमेरिकी यादीत ज्याचे उत्सर्जन जास्त त्याच्या वाट्याला शोषणही जास्त धरले होते. म्हणजे ज्याने तळ्यातून अधिक पाणी उपसले त्याचा तळ्यावर अधिक हक्क! हा वाटा डोक्यांप्रमाणे वाटला तर सारा हिशेब फिरतो, असे त्यांनी दाखवले. दुसरा प्रश्न पोटासाठीचे उत्सर्जन आणि चैनीसाठीचे उत्सर्जन एका पारड्यात घालावे का, हा होता.

यावर असे म्हणता येईल, आणि म्हटले गेले, की हे राजकारण आहे, विज्ञान नव्हे. विज्ञानाने वायू मोजावा, तो कुणाचा याच्याशी त्याला काय करायचे? या आक्षेपाचा निकाल भाताच्या शेतात लागला. भारतातल्या भातशेतीतून वर्षाला ३७ दशलक्ष टनांहून अधिक मिथेन निघतो असा अमेरिकी पर्यावरण संस्थेचा अंदाज होता, आणि तो मुख्यतः पाश्चात्त्य देशांतल्या मोजक्या शेतांवरच्या नोंदी ताणून काढलेला होता. दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये अनेक संस्थांनी मिळून देशभरच्या भातखाचरांत प्रत्यक्ष मोजणी केली. रोपांवर पारदर्शक पेटी पालथी घालायची, ठराविक वेळाने सिरिंजने आतली हवा काढायची आणि ती प्रयोगशाळेत तपासायची, असे हे किचकट काम. उत्तर आले सुमारे ४ दशलक्ष टन. आपल्याकडची बरीच भातशेती पावसावरची, मधूनमधून सुकणारी, आणि जमिनीत सेंद्रिय कार्बन कमी. सदैव पाण्याखाली असलेल्या शेतांचा नियम तिला लागू पडत नव्हता. इथे मोठे शास्त्रज्ञ होते, सरकारी यंत्रणा होती, विद्यार्थी केवळ मदतनीस असतील, म्हणून माझ्या सिद्धान्ताला हे उदाहरण पुरते धरून नाही हे मी मान्य करतो. पण न्यायाचा प्रश्न विचारल्याने विज्ञान बिघडते की सुधारते याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. ‘हा आकडा आमच्यावर अन्याय करतो’ अशी शंका आली म्हणून पुन्हा मोजले गेले, आणि पुन्हा मोजल्यावर तो सुमारे नवपट फुगवलेला निघाला. उलट शंकाही तितकीच रास्त असते. दरडोई सरासरीच्या आड भारतातला श्रीमंत माणूस लपतो, असे २००७ साली ग्रीनपीस इंडियाच्या अहवालाने दाखवले. एकक बदलण्याचे हत्यार एकदा हाती आले की ते घरच्यांवरही चालते.

चळवळीशी सहानुभूती असलेला विद्यार्थी सोयीचे तेवढेच पाहतो, हा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळू नये. असे प्रबंध आहेत. निष्कर्ष आधी ठरवून गावात जाणारे, दोन बैठकांत ‘लोकांचे म्हणणे’ गोळा करणारे संशोधक कुणाला माहीत नाहीत? पण नर्मदेच्याच खोऱ्यात याचे उत्तरही आहे. अमिता बाविस्कर यांनी कॉर्नेल विद्यापीठातल्या पीएच.डी.साठी मध्य प्रदेशातल्या अलिराजपूर भागात भिलाला आदिवासींमध्ये राहून काम केले. त्यावर आधारलेले पुस्तक १९९५ मध्ये आले. त्यांची सहानुभूती धरणविरोधी आंदोलनाच्या बाजूने होती हे त्या लपवत नाहीत. तरीही त्यांनी जे लिहिले ते आंदोलनाच्या समर्थकांना गैरसोयीचे होते. आदिवासी म्हणजे निसर्गाशी एकरूप, जंगलाचा जन्मजात राखणदार, हे शहरी पाठीराख्यांनी रंगवलेले चित्र प्रत्यक्ष जगण्याशी जुळत नाही. जमिनीची भूक, जंगल तोडून शेत करण्याची गरज, आपसातली भांडणे, हे सगळे तिथे आहे, आणि म्हणून त्यांचा हक्क कमी होत नाही. बाजू घेतली म्हणून डोळे मिटावे लागत नाहीत. उलट तटस्थ म्हणवणाऱ्या प्रकल्प-अहवालांनी काय पाहिले नाही याची यादी मोर्स समितीने दिलीच आहे. संशोधनाला वाचवते ती पद्धत, जी दुसऱ्याला तपासता येते. बाजू असणे-नसणे हा दुय्यम मुद्दा आहे. ज्याच्या नोंदी, प्रश्नावली, गावांची निवड उघड आहे त्याचा कल कुठेही असो, त्याला खोडून काढता येते. आपल्या अनेक पर्यावरण परिणाम अहवालांबद्दल असे म्हणता येत नाही.

तिसरा आक्षेप गावातून येतो आणि तो मला सर्वांत खरा वाटतो. विद्यार्थी येतो, राहतो, भाकरी खातो, पदवी घेऊन जातो. गाव तिथेच राहते. त्याने काय लिहिले ते गावाला कळतही नाही. वाट दाखवणाऱ्या, दुभाष्याचे काम करणाऱ्या, झाडांची नावे सांगणाऱ्या माणसाचे नाव ऋणनिर्देशात आले तर आले. याचे एक उत्तर गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने ऐंशीच्या दशकापासून दिले आहे. मोहन हिराबाई हिरालाल आणि देवाजी तोफा यांच्या पुढाकाराने तिथे अभ्यासगट सुरू झाला. अभ्यास करायचा तो गावासोबत बसून, बाहेरच्या जाणकाराने माहिती द्यायची, आणि निर्णय मात्र ग्रामसभेने सर्वसहमतीने घ्यायचा. मोहनभाऊंनी बाहेरून आलेल्या माणसाची भूमिका अशी मुद्दाम आखून घेतली होती. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारे हे देशातल्या पहिल्या गावांपैकी एक ठरले आणि २०११ मध्ये त्याने स्वतःचा बांबू विकण्याचा अधिकार प्रत्यक्षात आणला. जंगलात काय आहे, किती आहे, किती काढता येईल, हे गावाने स्वतः मोजले होते. विद्यापीठाच्या संशोधनाला हा पर्याय आहे असे मी म्हणत नाही. मिथेन मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो आणि तो ग्रामसभेत नसतो. पण प्रश्न कुणी ठरवायचा हे मेंढ्याने दाखवले.

प्रश्न ठरवण्याची ही ताकद किती दूर जाऊ शकते याचे ताजे उदाहरण प्रशांत महासागरातले आहे. २०११ मध्ये पलाऊ या छोट्या बेटराष्ट्राने हवामानाविषयी आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत मागवण्याची घोषणा केली होती. मोठ्या देशांपुढे ती टिकली नाही. २०१९ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकच्या वनुआतूमधल्या शाखेत कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी तोच विचार पुन्हा हाती घेतला. त्यांनी संघटना काढली, बेटांच्या सरकारांना पत्रे लिहिली, आणि वनुआतूच्या सरकारने त्यांचे म्हणणे उचलले. त्यांच्या मागणीचा नेमका गाभा एका प्रश्नात होता. हवामानाची हानी करणाऱ्या राष्ट्रांवर कायद्याने कोणते परिणाम ओढवतात? ‘काय करायला हवे’ यापेक्षा हा प्रश्न वेगळा आहे, कारण तो साचत आलेल्या उत्सर्जनाचा हिशेब मागतो. २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो सर्वसहमतीने न्यायालयाकडे पाठवला. डिसेंबर २०२४ च्या सुनावणीत नव्वदहून अधिक देश बोलले. भारताने विकसित देशांची ऐतिहासिक जबाबदारी ठासून मांडली, आणि त्याच वेळी सध्याच्या हवामान करारांपलीकडे नवी बंधने न्यायालयाने निर्माण करू नयेत असेही सुचवले. १९९१ मध्ये दरडोई हिशेबाचा आग्रह जिथून सुरू झाला त्या देशाची ही सावध भूमिका समजण्यासारखी आहे, पण अभिमानाने सांगण्यासारखी नाही. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने मत दिले. हवामानाचे रक्षण ही राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी आहे आणि तिचा भंग केल्यास भरपाईपर्यंतचे परिणाम संभवतात, असे त्यात म्हटले आहे. मत सल्लावजा आहे, बंधनकारक नाही. ह्यूस्टनचा निकाल तर विद्यार्थ्यांच्या विरोधातच गेला होता. या दोहोंमध्ये ४० वर्षांहून अधिक काळ आहे, आणि त्या काळात विचारण्याजोगा प्रश्न म्हणून जे कुणी मानत नव्हते ते न्यायालयाच्या पटावर आले आहे.

महाराष्ट्रात आज मराठवाड्याच्या दुष्काळापासून कोकणच्या किनाऱ्यापर्यंत हवामान बदलावर प्रबंध लिहिले जात आहेत. ते ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढतात, बहुतेक इंग्रजीत असतात, आणि ज्या गावात नोंदी घेतल्या तिथल्या ग्रामपंचायतीत त्यांचे एक पानही पोचत नाही. म्हणून विद्यापीठांना एक मागणी करावीशी वाटते. गावात जाऊन केलेल्या प्रत्येक प्रबंधाचा दहा-वीस पानांचा मराठी गोषवारा, त्यातल्या आकड्यांसकट आणि मोजण्याच्या पद्धतीसकट, तोंडी परीक्षेआधी त्या ग्रामसभेपुढे वाचला जावा. ग्रामसभेच्या हरकती प्रबंधाला जोडल्या जाव्यात. त्यासाठी विधिमंडळात कायदा करावा लागत नाही, विद्या परिषदेने तसा नियम केला तरी पुरे आहे.